शिट्टीबाईंची पस्तीस मिनिटं

स्टाफरूममध्ये शिट्टीबाईंच्या नावाची एक खुर्ची होती, पण अकरा वर्षांत त्या खुर्चीवर त्यांच्यापेक्षा त्यांची पिशवीच जास्त बसली असेल. त्या खेळाच्या शिक्षिका. वय छत्तीस, अंगावर सतत धावपळीचा घाम आणि पायाला भिंगरी. चहा उभ्याने, हजेरी उभ्याने, फोन तर चालता चालता. एखाद्या मुलाचे आजोबा भेटायला आले की बाई त्यांच्याशी बोलत बोलत मैदानाला फेरी घालायच्या, आणि दुसऱ्या फेरीला आजोबाच हात जोडून म्हणायचे, "बाई, नातवाचं काय ते कळलं. आता मला सोडा." शिट्टीबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. पुढे ते शिक्षकांनी उचललं आणि शेवटी घरीही पोचलं. गळ्यात शिट्टी असायची खरी, पण मुलांचं म्हणणं, ती नुसती शोभेला आहे. बाईंचा आवाज तिच्याहून लांब जातो.

शाळेत त्यांचं सूत जुळलं होतं ते भूगोलाच्या ताईंशी. ताई पन्नाशी ओलांडलेल्या. शिट्टीबाई नव्याने लागल्या तेव्हा खेळाचा तास म्हणजे गणिताच्या सरांना राहिलेले धडे संपवायला दिलेलं आंदणच होतं. ताईंनी एकदा भर बैठकीत सांगितलं, "तिचा तास तिला द्या. नाहीतर तिला पगार कशाचा देता तेही सांगा." तेव्हापासून मैदान शिट्टीबाईंचं झालं आणि शिट्टीबाई ताईंच्या झाल्या. बाकीचे शिक्षक अलीकडे म्हणू लागले होते की ताईंना गर्व झालाय. हाक मारली तर वळत नाहीत, काही विचारलं तर हसून "हं" म्हणतात. शिट्टीबाईंना असा अनुभव कधीच आला नाही. ताई त्यांना म्हणायच्या, "अगं, या शाळेत नीट बोलणारी तू एकटीच. बाकीचे सगळे मेले पुटपुटतात." शिट्टीबाई ही शाबासकी समजून चालल्या होत्या.

तर त्या वर्षी वरच्या कार्यालयाकडून पत्र आलं. पाच ते पंधरा वर्षं नोकरी झालेल्या शिक्षकांसाठी शाळा-नेतृत्वाचा कार्यक्रम. दहा महिने, दर दुसऱ्या शनिवारी, प्रत्येक शाळेतून एक नाव. मुख्याध्यापकांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, बैठक घेतली. एकाचा गुडघा दुखत होता, एकीची सासू आजारी होती, तिसरे म्हणाले, मला काही पुढारी व्हायचं नाही. शिट्टीबाई बैठकीला नव्हत्या. मैदानावर एका मुलाच्या हाताचं हाड सरकलं होतं आणि त्या त्याला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी त्यांना जिन्यात गाठलं. "अभिनंदन. तुमची निवड झाली."

"कशावरून, सर?"

"सर्वानुमते," असं म्हणून मोठे सर भराभर जिना उतरून गेले.

कार्यक्रम एका जुन्या अध्यापक विद्यालयाच्या सभागृहात होता. तीसेक शिक्षक, गोलात मांडलेल्या खुर्च्या, आणि समोर एक उंच, किडकिडीत, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण दर दहा मिनिटांनी ते "थांबा जरा" म्हणायचे आणि पहिल्या दुपारपर्यंत ते सगळ्यांचे थांबा सर झाले होते. शिट्टीबाईंनी पहिल्या तासात आपला अर्ज भरला, दोन्ही बाजूंच्या शिक्षकांचे अर्ज भरून दिले, गोल वाकडा वाटला म्हणून चार खुर्च्या हलवल्या आणि खिडक्या उघडायला उठल्या. थांबा सर म्हणाले, "बाई, खिडक्या झाल्या. आता थांबा जरा."

पहिला गृहपाठ असा, की आपापल्या शाळेत एक बैठक घ्यायची आणि तिच्यात आपण सगळ्यांत शेवटी बोलायचं. शिट्टीबाईंनी मैदानाच्या वेळांवर चार जणांची बैठक घेतली. तीन मिनिटं त्यांनी जीभ दाताखाली धरली. चौथ्या मिनिटाला सगळ्यांच्या वेळा त्यांनीच ठरवून टाकल्या आणि सहकार्याबद्दल आभारही मानले. वहीत मात्र जसं घडलं तसं लिहिलं. थांबा सरांनी खाली पेन्सिलीने शेरा दिला, "तीन मिनिटं. नोंद प्रामाणिक." हा शेरा कौतुकाचा की शालजोडीतला, हे काही त्यांना कळेना.

"गप्प बसायचं प्रशिक्षण आहे ते," त्या घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या. नवरा शिलाई यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच्या तोंडातून शब्द म्हणजे तेलाच्या बुधलीतून थेंब. तो म्हणाला, "दहा महिन्यांत होईल? मी चौदा वर्षं प्रयत्न करतोय."

त्या हसल्या, पण आतून त्यांना चैन नव्हती. पुढे होऊन माणसं हलवायची, कामं उरकायची, हेच जर नेतृत्व, तर ते त्या रोज सकाळी सात वाजल्यापासून करत होत्या. मग त्यांना बसवून का ठेवतात? दर दुसऱ्या शुक्रवारी त्या ठरवायच्या की उद्या जायचं नाही, आणि शनिवारी सगळ्यांच्या आधी पोचायच्या.

तिसऱ्या महिन्यात नवा गृहपाठ मिळाला. सहकाऱ्याचा एक तास मागे बसून बघायचा. पूर्ण पस्तीस मिनिटं. उठायचं नाही, बोलायचं नाही, शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघायचं. दिसेल ते लिहायचं, पण "छान", "उत्तम", "प्रभावी" असं एकही विशेषण नको.

शिट्टीबाईंनी सोपी वाट धरली. शाळेत ताईंच्या तासाचा लौकिक मोठा. निकाल दरवर्षी पहिला. शिवाय सातवी ब मध्ये त्यांची स्वतःची लेक होती. ताईंनी हसत परवानगी दिली. "ये की. पण चुळबुळ करू नकोस, पोरं माझ्याऐवजी तुझ्याकडे बघतील."

मधल्या सुट्टीनंतरचा तास. खिडकीबाहेर रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज, डोक्यावर करकरणारा पंखा. शेवटच्या बाकावर शिट्टीबाईंचे गुडघे मावत नव्हते. पहिली पाच मिनिटं त्यांनी गुडघ्यांचंच निरीक्षण केलं. मग त्या लिहू लागल्या.

"बाई फळ्याकडे वळल्या की कुणी बोलत नाही. त्या वळून बघेपर्यंत हात वर धरून थांबतात."

"उत्तर देताना उभं राहतात. तोंड मोठं उघडतात. सावकाश बोलतात."

"खिडकीजवळचा मुलगा म्हणाला, ही नदी पश्चिमेला वाहते. बाई म्हणाल्या, शाब्बास. नकाशात ती पूर्वेला वाहते. कुणी हसलं नाही."

इथे त्यांचं पेन थांबलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर ठळक अक्षरांत "पश्चिम म्हणाला" असं लिहिलं आणि वही छातीशी उभी धरली. ताईंची नजर तिच्यावरून फिरली आणि त्या म्हणाल्या, "थांब रे. पुन्हा एकदा नकाशात बोट ठेवून सांग." वही धरणारी मुलगी म्हणजे शिट्टीबाईंची लेक होती.

मग शिपाई सूचना घेऊन आला. त्याने दारावर दोनदा टकटक केली. ताई फळ्यावर डोंगर काढत राहिल्या. त्या वर्गाकडे वळल्या तेव्हा पहिल्या दोन ओळींतल्या सगळ्या मुलांनी एकदम दाराकडे माना वळवल्या, आणि त्या माना बघून ताईही दाराकडे वळल्या. शेवटी तासाची घंटा झाली. मोठी, विजेची घंटा, मैदानाच्या पलीकडे ऐकू जाणारी. ताई बोलतच होत्या. तेव्हा अख्ख्या वर्गाने एकाच वेळी वह्या मिटल्या. "झाली वाटतं घंटा," ताई म्हणाल्या आणि खडू ठेवला.

शिट्टीबाई बाकावरून उठल्याच नाहीत. चाळीस मुलांना एका रांगेत उभं करायला त्यांना रोज घसा कोरडा करावा लागायचा. इथे कुणी कुणाला काही सांगत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला धरलं. "कधीपासून चाललंय हे?"

"काय?"

"वेड पांघरू नकोस. ताईंना ऐकू येत नाही."

लेकीने पुस्तक मिटलं. "सहावीपासून. आधी थोडं यायचं."

"आणि मला सांगितलं नाहीस? माझ्या पोटची पोर तू!"

"तुला सांगितलं की ते मैदानभर होतं, आई. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, कुणालाच सांगायचं नाही. ताई चांगलं शिकवतात. त्यांना काढलं तर तो गणितवाला येईल भूगोलाला."

नवरा यंत्राच्या चाकातून मान वर न काढता म्हणाला, "पोरगी बरोबर बोलते आहे." तो नेमका कुठल्या वाक्याबद्दल बोलला, हे शिट्टीबाईंनी विचारलं नाही. त्यांचे पाय आपोआप गॅलरीत गेले आणि तिथे त्यांनी चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे असा अर्धा तास काढला. "नीट बोलणारी तू एकटीच" या वाक्याचा अर्थ त्यांना आता लागला होता. त्या ओरडून बोलायच्या, म्हणून ताईंना फक्त त्यांचंच ऐकू यायचं. आणि म्हणूनच, सगळ्यांत जवळच्या असून, त्यांनाच काही कळलं नव्हतं.

काही दिसलं आणि त्यावर काही केलं नाही, असं शिट्टीबाईंना जमणारं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्या मोठ्या सरांच्या खोलीत उभ्या राहिल्या. ताईंचा वर्ग रस्त्याकडून मागच्या शांत बाजूला हलवायला हवा, घंटेबरोबर वर्गात दिवा लागायला हवा, कानांची तपासणी व्हायला हवी. सगळं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या.

मोठ्या सरांनी दार लोटून घेतलं. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही मला हे लेखी दिलंत की मला वर कळवावं लागेल. वर कळवलं की त्यांचा वर्ग काढून घेतील आणि ग्रंथालयात बसवतील. लेखी देताय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"देताय का लेखी?"

"नाही."

"मग मी काही ऐकलं नाही."

बाहेर येताना शिट्टीबाईंच्या मनात आलं, शाळेत ऐकू न येणाऱ्या ताई एकट्याच नाहीत.

पण वहीतलं ते पान तर लेखीच होतं. पुढच्या शनिवारी वही थांबा सरांकडे जाणार. शिट्टीबाईंनी पान फाडलं आणि नवीन लिहिलं: "तास अतिशय प्रभावी. मुलांचा सहभाग उत्तम." थांबा सरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "ही विशेषणं कुठून आली?"

शिट्टीबाईंनी वही ओढून घेतली आणि मिटली.

"चला, चालत बोलू," थांबा सर म्हणाले. या माणसाकडून त्यांना याची अपेक्षा नव्हती. विद्यालयाच्या लांब व्हरांड्यात त्या बोलत गेल्या. वह्यांचं, नदीचं, मोठ्या सरांचं, लेकीचं. दोन फेऱ्या झाल्यावर थांबा सरांनी विचारलं, "आतापर्यंत किती जणांशी बोललात यावर?"

"लेक. नवरा. मोठे सर. आणि आता तुम्ही."

"आणि त्यांच्याशी?"

शिट्टीबाईंना ठेच लागल्यासारखं झालं. "त्या दुखावतील, सर."

"दुखावतील."

"मग मी करू काय?"

"ते मला ठाऊक असतं तर मी तुम्हाला गृहपाठ कशाला दिला असता?"

सोमवारी शिट्टीबाई नकाशांच्या खोलीत गेल्या. ताई गुंडाळलेले नकाशे फडक्याने पुसत होत्या. विषय नाजूक, म्हणून शिट्टीबाई जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या. "ताई, मला तुमच्याशी एक बोलायचं होतं."

"काय गं?"

"त्या दिवशी तुमचा तास बघितला ना..."

"काय? आवाज बसलाय का तुझा?"

शिट्टीबाईंनी पुन्हा तेच म्हटलं, थोडं वर. ताई कपाळाला आठ्या घालून त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. तिसऱ्यांदा "काय?" आलं आणि शिट्टीबाईंचा धीर सुटला. "ताई, तुम्हाला ऐकू येत नाही!" त्या म्हणाल्या, आणि मैदानावरचा तो आवाज खोलीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून जिन्यात गेला. बाहेरून जाणारी दोन मुलं जागच्या जागी थबकली. शेजारच्या वर्गातला गणिताचा तासही बंद पडला.

ताईंनी हातातला नकाशा नीट गुंडाळला, दोरी बांधली, कोनाड्यात ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. पुढारी व्हायला गेली आहेस ना? हो. माझ्या खांद्यावर पाय देऊन वर चढलीस तरी मी हूं का चूं केलं नसतं. पण ही दवंडी पिटायची काय गरज होती?"

"ताई, मी मुद्दाम..."

"जा तू आता. तुझं बोलणं मला नीट ऐकू येतं, हीच पंचाईत आहे."

पुढचे तीन आठवडे ताई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. झाकली मूठ आता उघडली होती. स्टाफरूममध्ये काहींनी ताईंशी ओरडून बोलायला सुरुवात केली, काहींनी बोलणंच सोडलं, आणि गणिताच्या सरांनी ताईंच्या देखत, पाठ वळवून, दोन विनोद केले. शिट्टीबाईंनी त्यांना बाहेर बोलावून असं झापलं की मैदानावरची मुलं थांबून बघत राहिली. उपयोग शून्य. घरी लेक फक्त बापाशी बोलत होती. शिट्टीबाईंचं खाण्यावर लक्ष नव्हतं. त्या सकाळी सहालाच शाळेत यायच्या, मैदानावर फक्कीच्या रेषा आखायच्या, वाकडी वाटली की पुसून पुन्हा आखायच्या.

कामात जीव रमवायचा म्हणून त्यांनी आंतरशालेय शर्यतींची तयारी दुप्पट केली. एका बुधवारी त्यांनी वेळापत्रक न बघताच सातवी ब मधली नऊ मुलं सरावाला बोलावून घेतली. पहिल्या दोन ओळींतली जवळजवळ सगळी. त्यांत लेकही होती. ती जाताना म्हणाली, "आई, आत्ता ताईंचा तास आहे." शिट्टीबाईंनी हात हलवला. "एक तास बुडाला तर आभाळ कोसळत नाही. चल, धाव."

त्या वर्गात आठ दिवसांपूर्वी एक नवी मुलगी आली होती. वर्गाच्या रीती तिला अजून कुणी सांगितल्या नव्हत्या. ती मागच्या बाकावर बसली होती आणि तिच्या पोटात ढवळत होतं. "ताई, मी बाहेर जाऊ?" तिने विचारलं. ताई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. तिने दुसऱ्यांदा विचारलं, मग तिसऱ्यांदा. आपल्या जुन्या शाळेत विचारल्याशिवाय वर्गाबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, म्हणून ती उठली नाही. तिला बाकावरच उलटी झाली. वही, दप्तर, गणवेश, सगळ्यावर. ताई वळल्या तेव्हा ती रडत होती, आणि आपल्याला उत्तर का मिळालं नाही हे तिला कळत नव्हतं.

त्या दुपारी ताई मैदानावर आल्या. इतक्या वर्षांत त्या मैदानावर कधी उतरल्या नव्हत्या. आखलेल्या रेषा तुडवत सरळ शिट्टीबाईंपाशी येऊन थांबल्या.

"तीनदा विचारलं तिने. मागच्या पोरांनी सांगितलं मला. तीनदा."

"ताई, चूक माझी. मुलं मी काढून नेली."

"मुलं तू नेलीस. कान काही तू नेले नाहीस." ताईंना धाप लागली होती. "पोरांच्या भरवशावर रेटत होते मी. बारा-बारा वर्षांची पोरं ती. उद्या तपासायला जायचं ठरवलंय. येशील का? एकटीला मला ते लोक काय बोलतात ते कळायचं नाही."

"येते."

"पण तिथे गप्प बसायचं."

दुसऱ्या दिवशी शिट्टीबाई एका अरुंद खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. समोर काचेची खिडकी; काचेमागे जाड दाराच्या कोठडीत ताई, कानांवर हेडफोन. आवाज ऐकू आला की हात वर करायचा, असं तपासनीस बाईंनी त्यांना लिहून दाखवलं होतं. तपासनीस बाई बटणं फिरवत होत्या. सुरुवातीला हात दोन-तीनदा वर झाला. मग बराच वेळ मांडीवरच राहिला. ताई डोळे मिटून, मान किंचित वाकवून बसल्या होत्या, पूर्वी वर्गात खोडकर मुलाचा आवाज कुठून येतोय ते हेरताना बसायच्या तशा. शिट्टीबाईंना वाटलं, उठावं, काचेवर थाप मारावी, ओरडावं, आत्ता, आत्ता वाजतंय. त्यांनी खुर्चीच्या कडा धरून ठेवल्या. चाळीस मिनिटं. त्या उठल्या नाहीत. डावा कान जवळजवळ गेलेला निघाला. उजव्याला यंत्राने आधार मिळेल, असं तपासनीस बाई म्हणाल्या. शिट्टीबाईंनी ते वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि ताईंसमोर धरलं.

यंत्र आल्यावर ताईंनी सातवी ब ला स्वतःच सांगितलं. शिट्टीबाई दाराबाहेर उभ्या होत्या. आत या म्हणायला कुणी नव्हतं आणि त्याही गेल्या नाहीत. "भिंतींना कान असतात म्हणतात," ताई म्हणाल्या, "तर या बाजूच्या भिंतीने आपला एक मला उसना दिलाय." कुणीतरी भीतभीत हसलं. मग ताई म्हणाल्या, "तुम्ही वह्या मिटायचा, माना वळवायचा, ते मला पहिल्यापासून दिसत होतं. मला वाटायचं, पोरांना वाटतंय आपण गुपचूप करतो, तर वाटू दे. तुमचे उपकार आहेत. पण ते काम तुमचं नव्हतं. आणि त्या नव्या मुलीची मी माफी मागितली आहे, ती तुम्हा सगळ्यांसमोर पुन्हा मागते."

मुलांना वह्या एकदम मिटायची सवय मोडायला पुढे महिना लागला.

मोठ्या सरांना हवं नसलेलं ते लेखीही ताईंनीच दिलं. मागच्या बाजूची खोली मिळाली. घंटेबरोबर लागणारा दिवा मंजूर झाला आणि चार महिन्यांनी बसला. ग्रंथालयात जाण्याची सूचनाही वरून आली. ताईंनी ती नाकारली, तेव्हा त्यांचे दोन वर्ग काढून गणिताच्या सरांना देण्यात आले. त्यांतला एक सातवी ब. लेक घरी येऊन धाय मोकलून रडली आणि म्हणाली, "बघ, म्हणूनच सांगत नव्हतो आम्ही." शिट्टीबाईंनी तिच्यापुढे रुमाल धरला.

फाडलेलं पान त्यांनी पुन्हा लिहिलं, पण वही देण्याआधी ताईंना वाचायला दिलं. ताईंनी पेन्सिल मागून घेतली आणि एकच दुरुस्ती केली: नदी पूर्वेला जाते खरी, पण मुखाजवळ ईशान्येला वळते. "एवढं तरी नीट लिही," त्या म्हणाल्या. दोघी पुन्हा बोलू लागल्या होत्या, पण पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. यंत्रामुळे ताईंना आता शिट्टीबाईंचा आवाज सोसवत नसे. त्या आल्या की ताई बटण फिरवून आवाज कमी करायच्या, आणि शिट्टीबाईंना ते दरवेळी दिसायचं.

कार्यक्रमाच्या शेवटी प्रत्येकाला सात मिनिटं बोलायला मिळाली. लोकांनी आलेख दाखवले, फोटो दाखवले. शिट्टीबाई चार मिनिटं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "मी बघितलं ते बरोबर बघितलं. त्यानंतर जे केलं त्यातलं बरंचसं चुकलं. एक मुलगी त्यात भरडली गेली." आणि बसल्या. थांबा सरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली आणि ती शिट्टीबाईंना मिळाली. अर्धा दिवस मैदान, अर्धा दिवस बाकीची शाळा. हे काम त्यांना फारसं आवडलं असं नाही. लोक दारात येऊन आपली गाऱ्हाणी सांगतात आणि बहुतेकांना त्यावर काही करून हवंच नसतं, हे पचायला त्यांना जड गेलं. "एक वर्ष बघते, नाहीतर सोडते," असं त्या नवऱ्याला दर रविवारी सांगायच्या. तो मान डोलवायचा.

पहिल्याच महिन्यात विज्ञानाचे एक तरुण सर, नोकरीचं दुसरं वर्ष, त्यांच्यापाशी आले. "बाई, माझा तास बघायला याल? मुलं ऐकत नाहीत. काय चुकतंय ते कळत नाही." शिट्टीबाई वही घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसल्या. तास वाईट होता. सर तोंडातल्या तोंडात बोलत होते, चुका फळ्यावर तशाच होत्या, आणि मधल्या रांगेतली सहा मुलं पस्तीस मिनिटं दुसऱ्याच उद्योगात होती. शिट्टीबाईंनी सगळं लिहून काढलं. घंटा झाली, मुलं ढकलाढकली करत बाहेर पडली. सर टेबलापाशी खडूने पांढरे झालेले हात पुसत उभे होते आणि त्यांच्याकडे बघत होते.

शिट्टीबाईंनी वहीचं पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. पहिलं वाक्य कुठलं असावं ते अजून त्यांना सापडलं नव्हतं. त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि सरांना म्हणाल्या, "बसा. आधी तुम्ही सांगा."